झेड की झी, जॅग्युअर की जॅगवार: देशोदेशीचे इंग्रजी उच्चार ओळखण्याची आणि वापरण्याची रीत

इंग्रजी वर्णमालेतील शेवटच्या अक्षराला अमेरिकेत ‘झी’ म्हणतात आणि ब्रिटन, आयर्लंड, भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका येथे ‘झेड’ म्हणतात, एवढी माहिती बहुतेकांना असते. तरीही समोरचा माणूस फोनवर नोंदणी क्रमांक सांगताना ‘झी’ म्हणतो आणि ऐकणारा बिनदिक्कत ‘सी’ किंवा ‘जी’ लिहून मोकळा होतो. माहिती असणे आणि ती ऐन वेळी कानाला सुचणे यांतले हे अंतर शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करून भरून निघत नाही. उच्चारांतले फरक वरवर पाहता हजारोंच्या घरात जातात, पण त्यांच्यामागे ध्वनींच्या मोजक्याच सवयी असतात. सवय ओळखता आली की कधीही न ऐकलेल्या शब्दाचा उच्चारही अंदाजाने बांधता येतो. ज्यांना अशी कोणतीही सवय लागू होत नाही, केवळ परंपरा लागू होते, तेवढेच शब्द पाठ करावेत, आणि त्यांत पहिला मान अक्षरांच्या नावांचा आहे.

त्याआधी एक निर्णय घ्यावा. ऐकण्यासाठी सर्व देशांचे उच्चार परिचयाचे असावेत, बोलण्यासाठी मात्र एकच धाटणी निवडावी. ऐकणाऱ्याचा कान पहिल्या काही वाक्यांतच बोलणाऱ्याच्या पद्धतीशी जुळवून घेतो. दर वाक्याला देश बदलणारा माणूस त्याचे हे काम विनाकारण अवघड करतो.

अक्षरांची नावे

‘झेड’ हे नाव ग्रीक ‘झीटा’वरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. ‘झी’ हे बी, सी, डी यांच्या वळणावर घडलेले नाव असून ते सतराव्या शतकात खुद्द इंग्लंडमध्येही नोंदले गेलेले आहे; म्हणजे ते अमेरिकी लोकांचे लहरी शोधकार्य नव्हे. अमेरिकेत ते पक्के रुजले. १८३५ मध्ये बॉस्टन येथे प्रसिद्ध झालेल्या वर्णमालेच्या गाण्याचे यमकही ‘झी’ म्हटले तरच जुळते. कॅनडात शाळेत ‘झेड’ शिकवतात, पण शेजारच्या दूरचित्रवाणीमुळे ‘झी’ तेथे कोणाला अपरिचित नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने ‘झी’मध्ये एक उणीव आहे. बी, सी, डी, ई, जी, पी, टी आणि व्ही या आठ अक्षरांच्या नावांचा शेवट ‘ई’कारात होतो, आणि अमेरिकेत त्यांच्यात हे नववे अक्षर येऊन मिळते. आवाज थोडा जरी खराब असला तरी या नऊ नावांत गल्लत होते, आणि ‘झेड’ मात्र स्वच्छ वेगळे ऐकू येते. म्हणून अमेरिकी माणसाशी बोलताना ‘झी’ म्हणायचे असेल, तर आरंभीचा ध्वनी नेमका काढावा. आपण तो ‘झ’ने लिहितो खरे, पण त्यात ‘ह’काराची फुंकर नसते, ‘रोज’ आणि ‘बाजार’ या शब्दांतला ज नुसता घासत, लांबवत उच्चारला की तो ध्वनी साधतो. याउलट ‘जी’ या अक्षरनावातला ज हा ‘जीव’मधला आहे. हा भेद मराठीच्या जिभेला जन्मजात येतो. तो फक्त लक्षपूर्वक वापरायचा असतो.

ऐकणाऱ्याप्रमाणे अक्षराचे नाव बदलावे, विशेषनाम मात्र बदलू नये. ‘जे-झी’ हा अमेरिकी गायक लंडनमध्येही जे-झीच राहतो, आणि न्यूझीलंडच्या लघुनामाचा ‘एन झेड’ हा उच्चार तिथल्या लोकांसमोर ‘एन झी’ केलेला त्यांना खटकतो. मोटारींच्या नमुन्यांची गोष्ट वेगळी. १९६९ मध्ये आलेल्या डॅटसन २४० झेडला अमेरिकेत सगळे ‘टू-फॉर्टी झी’ म्हणत आणि ब्रिटनमध्ये ‘टू-फॉर्टी झेड’. बीएमडब्ल्यूचा झेड ४ हा नमुना अमेरिकेत ‘झी फोर’ होतो, तर त्याच्या मायदेशात, जर्मनीत, या अक्षराला ‘त्सेट’ म्हणतात. नमुन्याच्या नावातले अक्षर स्थानिक नावानेच वाचावे.

‘एच’चा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रमाण नाव ‘एच’. ते ज्या अक्षराचे आहे तोच ‘ह’ त्यात नाही, ही गंमत खरी. आयर्लंडमध्ये सर्रास ‘हेच’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात अनेक जण म्हणतात आणि ब्रिटनमधील तरुण पिढीतही ते वाढते आहे. मराठी कानाला क्षणभर ‘हेच, दुसरे नाही’ असा भास होतो, पण ते अक्षराचेच नाव असते. उत्तर आयर्लंडमध्ये साधारणपणे कॅथलिक समाज ‘हेच’ आणि प्रोटेस्टंट समाज ‘एच’ म्हणत आल्यामुळे या एका अक्षरावरून माणसाचा समाज ओळखला जाई. कोणी ‘हेच’ म्हटले तर त्याची चूक काढू नये; स्वतः ‘एच’ म्हणावे, कारण त्याला कोठेही आक्षेप नाही. आणि ‘एच’ने सुरू होणाऱ्या लघुनामाआधी ‘ॲन’ येते, ‘हेच’ म्हणणारा मात्र साहजिकच ‘अ’ वापरतो, हेही लिहिताना ध्यानात असू द्यावे.

उरलेल्या अक्षरांत ऐकण्यापुरते थोडेच आहे. स्कॉटलंडमध्ये ‘जे’ला ‘जाय’ म्हणणारे भेटतात आणि आयर्लंडमध्ये ‘आर’चा ‘ऑर’ होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘डब्ल्यू’ आक्रसून ‘डब्या’ होतो, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे ते टोपणनावच झाले होते. ऑस्ट्रेलियाचा ‘ए’ मात्र खरोखर फसवतो, त्याविषयी पुढे.

ध्वनींच्या सवयी

पहिली आणि सर्वांत मोठी सवय ‘र’ची आहे. अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि स्कॉटलंड येथे लिहिलेला प्रत्येक ‘र’ साधारणपणे उच्चारला जातो. इंग्लंडचा बहुतांश भाग, वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका येथे तो स्वराच्या आधी असला तरच उच्चारतात, एरवी मागचा स्वर लांबवतात. म्हणून ‘कार’चे ‘काऽ’ आणि ‘फोर्ड’चे ‘फोऽड’ होते. पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की गिळलेला ‘र’ परत येतो, आणि ‘कार इज’ हे जोडून स्पष्ट ऐकू येते. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे नसलेला ‘र’ घुसवणे: ‘लॉ अँड ऑर्डर’ हे अनेक इंग्रज ‘लॉर अँड ऑऽड’सारखे म्हणतात. मराठी माणूस ‘र’ सहज उच्चारतो. ब्रिटिश वाटावे म्हणून त्याने तो मुद्दाम गिळण्याची काहीच गरज नाही. निम्मी सवय लागते आणि निम्मी राहते, त्यापेक्षा स्पष्ट ‘र’ बरा.

दुसरी सवय ‘ट’ची. अमेरिकेत दोन स्वरांमध्ये ‘ट’ आला आणि पुढच्या स्वरावर आघात, म्हणजे जोर, नसला, तर जिभेचा शेंडा वरच्या हिरडीला निसटता स्पर्श करतो आणि ‘ड’च्या जवळचा ध्वनी निघतो. ‘सिटी’चे ‘सिडी’ होते, ‘वॉटर’चे ‘वाडर’ होते, आणि ‘रायटर’ व ‘रायडर’ यांत फारसा फरक उरत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही ही सवय पुष्कळ आढळते. ‘हॉटेल’मध्ये मात्र आघात दुसऱ्या भागावर असल्यामुळे ‘ट’ शाबूत राहतो. हा नियम आकडे ऐकताना फार उपयोगी पडतो. अमेरिकी माणसाच्या तोंडी तीस म्हणजे ‘थर्डी’ आणि तेरा म्हणजे स्वच्छ ‘ट’ असलेले ‘थर्टीन’. शेवटचा ‘न’ ऐकू येतो की नाही याची वाट न पाहता ‘ट’कडेच कान ठेवावा. चौदा-चाळीसपासून एकोणीस-नव्वदपर्यंतच्या बहुतेक जोड्यांत हा भेद कमीअधिक प्रमाणात सापडतो.

तिसरी सवय ‘ॲ’ आणि ‘आ’ यांच्या अदलाबदलीची आहे आणि ती दोन उलट दिशांनी चालते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. ‘बाथ’, ‘क्लास’, ‘डान्स’ या जुन्या इंग्रजी वळणाच्या शब्दांत दक्षिण इंग्लंडमध्ये लांब ‘आ’ असतो, तर अमेरिकेत आणि इंग्लंडच्या उत्तर भागातही ‘बॅथ’, ‘क्लॅस’, ‘डॅन्स’ म्हणतात. मात्र परभाषेतून अलीकडे आलेल्या शब्दांत पारडे उलटते: अमेरिकी लोक परक्या ‘ए’ या अक्षराचा ‘आ’ करतात आणि ब्रिटिश त्याचा ‘ॲ’ करतात. इटालियन ‘पास्ता’ अमेरिकेत ‘पास्ता’सारखाच राहतो आणि ब्रिटनमध्ये ‘पॅस्टा’ होतो. मोटारींच्या नावांतला बराचसा घोळ या एका सवयीने उलगडतो.

याच स्वरामुळे होकार आणि नकार यांचीही गल्लत होते. ‘करू शकत नाही’ या अर्थाचा शब्द ब्रिटनमध्ये ‘काऽन्ट’ असा लांब असतो. अमेरिकेत तो ‘कॅन्ट’ होतो आणि त्याचा ‘ट’ बहुधा गिळला जातो. तेव्हा ‘ट’ शोधू नये, स्वर तोलावा: होकारातला शब्द वाक्यात आक्रसून ‘कन’ होतो, नकारातला ‘कॅन’ ठसठशीत ऐकू येतो.

ब्रिटिश ‘ऑ’ अमेरिकेत बहुधा ‘आ’ होतो, म्हणून ‘हॉट’चे ‘हाट’ आणि ‘बॉडी’चे ‘बाडी’ ऐकू येते. ‘ट’, ‘ड’, ‘न’ यांच्यानंतरचा ‘य’ अमेरिकी उच्चारात गळतो आणि ‘न्यूज’चे ‘नूज’, ‘ट्यूजडे’चे ‘टूजडे’ होते. शब्दाच्या शेवटचा ‘आइल’ तिकडे आखडतो आणि ‘मिसाइल’चे ‘मिसल’ होते.

ऑस्ट्रेलियात ‘ए’ हा स्वर ‘आय’कडे झुकतो, त्यामुळे तिथल्या माणसाने सांगितलेले पहिले अक्षर परक्याला ‘आय’ वाटते आणि तो नवव्या स्थानाचे अक्षर लिहून बसतो. न्यूझीलंडमध्ये ‘ए’कार वर सरकून ‘पेन’चे ‘पिन’ होते, आणि ‘इ’ मागे सरून ‘सिक्स’ जवळजवळ ‘सक्स’ ऐकू येते. हे उच्चार स्वतः करून पाहण्याची आवश्यकता नाही, फक्त ओळखता यावेत. परक्याने केलेली अशी नक्कल चेष्टेसारखी वाटते.

परंपरेने ठरलेले आणि म्हणून पाठ करावे लागणारे शब्द फार नाहीत. ‘शेड्यूल’ ब्रिटिश आणि ‘स्केजुल’ अमेरिकी, पण दुसरा उच्चार आता ब्रिटनमध्येही सर्रास ऐकू येतो. सैन्यातला ‘लेफ्टनंट’ अमेरिकेत ‘लूटेनंट’ असतो. ‘हर्ब’चा ‘ह’ अमेरिकेत मुका असतो, ‘व्हिटॅमिन’ तेथे ‘व्हायटमिन’ होते. ‘ॲल्युमिनियम’ आणि ‘अलूमिनम’ हा तर केवळ उच्चाराचा नव्हे, स्पेलिंगचाच फरक आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या धातूची वेगवेगळी नावे वापरली आणि दोन्ही देशांनी पुढे आपापली पसंत ठेवली.

मोटारींची नावे

मोटारीच्या नावाला बहुधा तीन उच्चार असतात: कंपनीच्या मायदेशाचा, ब्रिटनचा आणि अमेरिकेचा. यांतला पहिलाच खरा आणि बाकीचे अडाणी, असे मानणे सोपे आहे, पण ते पटण्याजोगे नाही; परके नाव आपल्या ध्वनींत बसवून घेणे प्रत्येक भाषा करते, मराठीही करते.

वर सांगितलेल्या सवयी येथे ताडून पाहाव्यात. ‘निसान’ हे जपानी नाव अमेरिकेत ‘नीसान’ होते आणि ब्रिटनमध्ये ‘निसॅन’. ‘माझ्दा’ अमेरिकेत ‘माझ्दा’ आणि ब्रिटनमध्ये ‘मॅझ्दा’. या नावाचा जपानमधील उच्चार ‘मात्सुदा’ असून त्यातला ‘उ’ जवळजवळ ऐकूच येत नाही. संस्थापक जुजिरो मात्सुदा यांचे आडनाव आणि पारशी धर्मातील अहुर मज्द या दोहोंशी कंपनी आपल्या नावाचे नाते सांगते. ‘डॅटसन’ आणि ‘डाटसन’, ‘फीॲट’ आणि ‘फीआट’ या जोड्याही त्याच नियमाच्या आहेत. ‘हॉन्डा’चे अमेरिकेत ‘हान्डा’ होते, ते ‘ऑ’च्या नियमाने.

‘टोयोटा’ अमेरिकेत ‘टोयोडा’सारखे ऐकू येते, आणि यात एक मौज आहे. संस्थापक घराण्याचे आडनाव मुळात टोयोडाच होते; १९३७ मध्ये स्थापन झालेल्या मोटार कंपनीसाठी त्याऐवजी टोयोटा हे रूप निवडले गेले, जपानी लिपीत ते लिहायला आठ फटकारे लागतात आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. तो बदल अमेरिकी जिभेने नकळत पुसून टाकला आहे.

फ्रेंच नावांसाठी आघाताचा नियम लक्षात ठेवावा: फ्रेंचमधून आलेल्या शब्दात ब्रिटिश लोक बहुधा पहिल्या भागावर जोर देतात आणि अमेरिकी लोक शेवटच्या. ‘गराज’ हा शब्द ब्रिटनमध्ये ‘गॅ’वर जोर देऊन ‘गॅराझ’ किंवा ‘गॅरिज’ असा म्हणतात, अमेरिकेत ‘राझ’वर जोर देऊन ‘गराझ’. त्याच न्यायाने ब्रिटनमधील ‘रेनो’त जोर ‘रे’वर असतो आणि अमेरिकेतील ‘रनो’त ‘नो’वर. ‘पर्झो’ हे ब्रिटिश रूप अमेरिकेत ‘पूझो’ होते. ‘शेव्हरले’ ही कंपनी अमेरिकी असली तरी नाव फ्रेंच वळणाचे, म्हणून तिचे अमेरिकी चाहते शेवटच्या ‘ले’वर थांबतात. शेवटचा ‘टी’ या तिन्ही नावांत, म्हणजे रेनो, पर्झो आणि शेव्हरलेत, मुका आहे.

‘जॅग्युअर’ ही या यादीतली सर्वांत प्रसिद्ध जोडी. ब्रिटिश लोक तीन तुकड्यांत ‘जॅग्-यु-अ’ म्हणतात आणि अमेरिकी लोक दोन तुकड्यांत ‘जॅग्-वार’. कंपनी ब्रिटिश आहे. एसएस कार्स या नावाने चालणाऱ्या कंपनीने १९४५ मध्ये हे नाव घेतले. त्यामुळे मोटारीपुरते ब्रिटिश रूप मायदेशाचे ठरते, पण मूळ शब्द दक्षिण अमेरिकेतील आदिवासी भाषांमधून आलेला असल्याने प्राण्यासाठी कोणाचाही हक्क मोठा नाही.

जर्मन नावे वाचताना दोन गोष्टी पुरतात. जर्मनमध्ये ‘व्ही’ या अक्षराचा ध्वनी बहुधा ‘फ’ आणि ‘डब्ल्यू’चा ध्वनी ‘व’ असतो, म्हणून लोकांची गाडी या अर्थाचे नाव तिकडे ‘फोल्क्स्वागन’ आहे, तर इंग्रजी बोलणारे ‘व्होक्स्वॅगन’च्या आसपासचे काहीतरी म्हणतात आणि ते सर्वत्र चालते. दुसरी गोष्ट, शेवटचा ‘ई’ मुका नसतो. ‘पोर्शे’ हे दोन तुकड्यांचेच नाव आहे, फर्डिनांड पोर्शे यांचे आडनाव आहे, आणि एका तुकड्यातले ‘पोर्श’ कितीही प्रचलित असले तरी आडनाव अर्धवट म्हणणे मला तरी योग्य वाटत नाही. ‘आउडी’ला ‘ऑडी’ म्हणणाऱ्यांविषयीही तेच. संस्थापक आउगुस्ट होर्ख यांच्या आडनावाचा ‘ऐक’ असा अर्थ होतो आणि त्याचे लॅटिन भाषांतर म्हणजे हे नाव.

‘श्कोडा’च्या पहिल्या अक्षरावर चेक लिपीत एक छोटी खूण असते, तिने ‘स’चा ‘श’ होतो. इंग्रजीत ती खूण गळाल्यामुळे ‘स्कोडा’ रूढ झाले. एमिल श्कोडा यांच्या आडनावाचा चेक भाषेत ‘नुकसान’ असा अर्थ होतो, हे विक्रेत्यांनी न सांगितलेलेच बरे.

सर्वांत जास्त तफावत ‘ह्युंदाई’त आहे. कोरियन भाषेत आधुनिकता या अर्थाचा हा शब्द ‘ह्यॉन्दे’च्या जवळ उच्चारतात. अमेरिकेत ‘संडे’शी यमक जुळेल असे ‘हंडे’ म्हणतात. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे ‘हाय-अन-डाय’ चालले, आणि २०२३ च्या सुरुवातीला कंपनीनेच तेथे जाहिरात करून कोरियन वळणाचा उच्चार वापरण्याचे आवाहन केले. कोणत्या उच्चाराची निवड करावी याचा माझा नियम साधा आहे: ग्राहकाशी बोलताना ग्राहकाचा उच्चार, आणि कंपनीच्या माणसासमोर कंपनीचा.

फोनवर अक्षरे सांगताना

जेथे चूक महाग पडते तेथे उच्चारावर विसंबूच नये. विमान वाहतुकीसाठी १९५६ पासून रूढ असलेली शब्दावली यासाठी उत्तम आहे: ए साठी ‘अल्फा’, एच साठी ‘हॉटेल’, शेवटच्या अक्षरासाठी ‘झुलू’. झेड की झी हा वाद तिथे उद्भवतच नाही. ती बनवणाऱ्यांनी उच्चारभेदांचा किती विचार केला होता पाहा: ‘अल्फा’ एफने लिहिले आहे, कारण पीएचचा उच्चार ‘फ’ होतो हे सर्वांना ठाऊक नसते, आणि ‘ज्युलिएट’च्या शेवटी दोन टी आहेत, कारण शेवटचा एकटा टी फ्रेंच माणूस मुका समजेल. आकड्यांत नऊला ‘नायनर’ म्हणतात, म्हणजे ते पाचपासून वेगळे राहते.

ब्रिटनमध्ये तेच अक्षर लागोपाठ आले की ‘डबल एस’ म्हणतात, अमेरिकेत ‘एस, एस’. दुसरी रीत अधिक सुरक्षित आहे, विशेषतः दोन ‘यू’ सांगताना, कारण ‘डबल यू’ हे दुसऱ्याच एका अक्षराचे नाव आहे. शून्याला ब्रिटिश ‘ओ’ म्हणतात. अक्षरे आणि अंक मिसळलेल्या क्रमांकात मात्र नेहमी ‘झीरो’ म्हणावे. फोनच्या बटणांवरील चौकडीच्या खुणेला ब्रिटनमध्ये ‘हॅश’ आणि अमेरिकेत ‘पाउंड’ म्हणतात, आणि ‘पाउंड’ म्हटल्यावर ब्रिटिश माणूस चलनाचे चिन्ह शोधू लागतो.

कान तयार करण्यासाठी मोठ्या ऑनलाइन शब्दकोशांत ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चारांची वेगवेगळी ध्वनिमुद्रणे असतात. तेथे उच्चार दाखवणाऱ्या लिपीतल्या चिन्हांपैकी निदान आघाताची खूण ओळखावी, म्हणजे जोर असलेल्या भागाच्या आधी वरच्या बाजूला दिलेली छोटी उभी रेघ. शब्द वाक्यात कसा येतो हे ऐकायचे असेल तर यूग्लिशसारख्या संकेतस्थळावर देश निवडून खऱ्या भाषणांतले तुकडे सापडतात. एका बैठकीत एकच सवय घ्यावी. आज ‘ट’ घेतला तर दहा शब्द दोन्ही देशांच्या आवाजात ऐकावेत, मग पडद्याकडे न पाहता देश ओळखावा, आणि शेवटी स्वतःचा आवाज मुद्रित करून तोच शब्द वाक्यात म्हणून पाहावा. एकटा शब्द बरोबर येतो आणि वाक्यात जुनी सवय परतते, असे पहिले काही दिवस हमखास घडते.